बाहीचं भोक आणि काकांचा खोकला

रफूमावशींना भोक म्हणून बघवत नसे. मग ते कपड्याला पडलेलं असो, नाहीतर बातमीला. कपड्याचं भोक त्या सुईने बुजवत आणि बातमीचं जिभेने. दोन्ही कामं इतकी बेमालूम, की मूळ कापड कुठलं आणि मावशींचा धागा कुठला हे शोधायला देवालाही भिंग लागलं असतं. पहिल्या कामाचे त्या पैसे घेत आणि दुसरं फुकट करून देत, एवढाच काय तो फरक.

दुकान म्हणजे चार मजली इमारतीच्या जिन्याखालची खोली. पुढे काचेची खिडकी, खिडकीला लागून मेज, मेजावर मान वाकवता येणारा दिवा. गिऱ्हाईक फाटका कोट घेऊन आलं की मावशी त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढत, म्हणजे रंगाचा प्रश्नच नको. मग भोकाच्या विस्कटलेल्या कडा बारीक कातरीने साफ करत आणि एक धागा वर, एक धागा खाली, असं करत मूळ वीण जशीच्या तशी उभी करत. गाठी सगळ्या उलट बाजूला, अस्तराच्या आत. काम झालं की कोट गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणत, "शोधा बघू भोक. सापडलं तर एक पैसा देऊ नका." आजवर कुणाला सापडलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या नव्या गिऱ्हाइकाला कोट काढायच्या आधीच ऐकवत.

बातमीचंही तेच. समोरच्या लाँड्रीवाल्याची सून माहेरी गेली, एवढं मावशींच्या कानावर आलं. का गेली? ठाऊक नाही. आता हे "ठाऊक नाही" म्हणजे भोकच की! दुपारपर्यंत मावशींनी ते भरून काढलं: सासूने टोमणा मारला, सुनेने ताट ढकललं, नवरा मूग गिळून बसला. संध्याकाळी लाँड्रीवाला स्वतःच येऊन विचारू लागला, की मावशी, नक्की काय झालं हो आमच्या घरी? आता बोला!

डोळे मात्र वयाबरोबर दगा देऊ लागले होते. म्हणजे कापडातला धागा न् धागा दिसायचा, पण सुईचं नेढं काही दिसेना. म्हणून नळखात्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान मागच्या भिंतीशी स्टुलावर बसून सुया ओवून देत. साऱ्या रस्त्याच्या त्या मावशी आणि हे साऱ्या रस्त्याचे काका. या नात्याचा हिशेब कुणी कधी लावला नाही. काकांना बोलणं असं फारसं नव्हतंच. विचारलं तर "हं". नाही विचारलं तर तेवढंही नाही. आणि अधूनमधून खोकला. खोकला म्हणजे तरी काय, नुसतं घसा खाकरल्यासारखं, "खं" म्हणून एकदा, क्वचित दोनदा. त्या खोकल्यासाठी मावशींनी मध चाटवला, गरम पाण्याच्या वाफा दिल्या, ऐन उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळला. खोकला जागचा हलला नाही.

"आमच्या ह्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," मावशी येईल त्याला सांगत. "एवढी वर्षं संसार केला, पण माझा एक शब्द कानात शिरला असेल तर शपथ."

ऐकणारं माणूस दुसरंच होतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. दुपारी त्या आपला कप आपल्या हाताने घेऊन खाली येत आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत. मावशी बोलत, बाई ऐकत. इतकं हसत की चष्मा काढून डोळे पुसावे लागत. आणि शेवटी, वर्गात वही तपासावी तशा, हमखास विचारत, "यातलं खरं किती?"

"निम्मं असेल की, बाई."

"मग उद्या निम्मंच सांग हं."

दुसऱ्या दिवशी मावशी दुप्पट सांगत आणि बाई तितक्याच आनंदाने ऐकत. मावशींच्या आयुष्यात याहून मोठं सुख नव्हतं.

आणि एका दिवशी बाई खाली आल्याच नाहीत. कामवाली वर गेली ती किंचाळतच जिना उतरली. माळ्याच्या शिडीखाली बाई पडल्या होत्या. लोक म्हणाले, म्हाताऱ्या माणसाने शिडीवर चढायचं कशाला? थोड्या वेळात बाईंचा भाचा धावत आला. करड्या रंगाचा, बारीक निळे ठिपके असलेला कोट घातलेला, नीट भांग पाडलेला. म्हणाला, सकाळपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कामावर होतो, कळलं तसा आलो. आणि असा रडला की लाँड्रीवाल्याने त्याला पाणी आणून दिलं.

पण डॉक्टरांनी तपासलं तर मानेवर बोटांचे वळ. आणि घट्ट मिटलेली मूठ उघडली तर आत कापडाचा कपटा, नखाएवढा. करडा. निळा ठिपका असलेला.

हे ऐकलं आणि मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. कारण त्याच सकाळी, दुकान उघडता उघडता, हा भाचा त्यांच्याकडे आला होता. "मावशी, दाराच्या खिळ्याला अडकून बाही फाटली. आत्ताच्या आत्ता करून द्या, मोठी घाई आहे." मावशींनी हातातलं काम बाजूला सारलं होतं. बाईंचा भाचा, म्हणून. बाहीचं भोक असं बुजवलं होतं की त्यांना स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली होती. आणि वरच्या मजल्यावर तेव्हा बाई…

मावशी खूप रडल्या, अगदी खरं रडल्या. पण रडून झाल्यावर काय करायचं? जे मनात मावत नव्हतं ते तोंडातून बाहेर पडायला लागलं. लाँड्रीवाल्याला सांगितलं तेव्हा भोक नखाएवढं होतं. शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याकडे पोहोचेपर्यंत ते तळहाताएवढं झालं आणि भोकाच्या कडेला रक्त आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईला सांगताना भाच्याचे हात थरथरत होते आणि तो स्वतःशी "आत्या, मला माफ कर" असं पुटपुटत होता. फौजदार दुकानाची पायरी चढेपर्यंत साऱ्या रस्त्यावर या एका सकाळच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या होत्या की दोन माणसं भेटली की ताडून बघत, तुमच्याकडे कुठली आली?

फौजदार शांत माणूस होता. त्याने मावशींसमोर कोट ठेवला.

"मावशी, हे कुणी केलं ते मला कळलंय. तुम्हाला कळलंय. त्या कोपऱ्यावरच्या कुत्र्यालाही कळलं असेल, तो गेला की भुंकतं. पण नुसतं कळून कोर्टात भागत नाही. तिथे पुरावा लागतो. आता या बाहीवरचं भोक दाखवा बघू मला."

मावशींनी सवयीने मान ताठ केली. "शोधा. सापडलं तर एक पैसा—" आणि वाक्य तिथेच राहिलं.

"तेच तर," फौजदार म्हणाला. "वरून आम्हालाही सापडलं नाही. अस्तर उसवलं तेव्हा गाठी दिसल्या. बाईंच्या मुठीतला कपटा तिथे बसवून पाहिला. बसत नाही. तुम्ही कडा कातरल्यात ना?"

"कातराव्या लागतात हो. नाहीतर काम सुबक कसं होणार?"

"झालं सुबक. इतकं सुबक, की खुनाचा पुरावाच साफ झाला." मग तो जरा नरमला. "भाचा म्हणतो, हा रफू गेल्या थंडीतला आहे. तुम्हीच केलात, इथेच. बाई या खुर्चीत बसल्या होत्या, तुम्ही त्याला चहासुद्धा पाजलात. तारीख तुम्ही विसरलात, म्हातारं माणूस, बोलण्याचा काही भरवसा नाही, असं त्याने लिहून दिलंय."

"थंडीत? मेल्याच्या जिभेला हाड आहे का? अहो, त्या सकाळी आला होता! समोरच्या लाँड्रीवाल्याने पाहिलाय त्याला दुकानात शिरताना!"

"विचारलं त्यांना. ते म्हणाले, मी इस्त्री करत होतो, मान खाली होती. चष्मेवाल्यांनी तेव्हा चष्मा लावला नव्हता. सूनबाई म्हणाल्या, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. कोर्ट म्हटलं की सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. उरता तुम्ही." फौजदाराने खुर्ची पुढे ओढली. "मावशी, समोरच्या गल्लीत शिंपी आहे. चार टाके घालून देणारा. तुमच्यापेक्षा लवकर, तुमच्यापेक्षा स्वस्त. तो तिकडे न जाता बाईंच्या खालच्याच मजल्यावर का आला असेल?"

"माझ्यासारखं काम—"

"तेही असेल. पण मला वाटतं, तो आला कारण तुमचं बोलणं कुणी खरं धरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तुम्ही उद्या म्हणालात की तो सकाळी आला होता, तर लोक म्हणणार, मावशीच त्या!"

हे वाक्य मावशींना जे लागलं ते कुठल्याच धाग्याने भरून येणारं नव्हतं. म्हणजे बाईंना मारणाऱ्याने त्यांचीच जीभ आडोशाला वापरली होती. त्यांनी डोळे पुसले, सुई मेजावर ठेवली आणि म्हणाल्या, "काय करायचं ते सांगा. पण त्याला सोडायचा नाही."

"फक्त जे पाहिलंत तेवढं सांगायचं. भोक असेल तिथे भोक ठेवायचं. माहीत नसेल तर म्हणायचं, माहीत नाही. म्हणा बघू."

"माहीत…" मावशींनी मेजावरची कातरी उगाच सरळ केली. "म्हणजे अंदाज आहे माझा."

"माहीत नाही."

"मा-हीत ना-ही," मावशी म्हणाल्या, कडू औषध चमच्याने घ्यावं तशा. जन्मात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून एकत्र निघाले नव्हते.

मग फौजदार वही उघडून बसला. "हं, आता सकाळपासून सांगा."

"मी दुकान उघडलं. भाचा आला. त्याचे डोळे नुसते लालभडक, साहेब, विस्तव जसा—"

"खं," मागच्या भिंतीशी काका खोकले.

"त्याने कोट दिला. म्हणाला, दाराच्या खिळ्याला अडकला. बाहीला नखाएवढं भोक होतं."

मागे शांतता. काका सुई ओवत होते.

"मी दुमडीतून धागे काढले आणि रफू केला. आणि मी तेव्हाच ओळखलं हो, याच्या मनात पाप—"

"खं. खं."

"अहो, मध घेतलात का सकाळचा? बघितलंत ना साहेब, जन्माचा खोकला आहे. तर काय सांगत होते, भोकाच्या कडेला रक्ताचा डाग—"

"खं!"

फौजदाराचं पेन थांबलं. त्याने मावशींकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुन्हा एकदा, पहिल्यापासून." मावशींना काय, आनंदच. त्यांनी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. फौजदार आता मावशींकडे बघतच नव्हता. तो काकांकडे कान लावून लिहीत होता. खोकला आला की ओळ खोडत होता. शेवटी वहीत जे उरलं ते चार ओळींचं होतं आणि त्याने ते समाधानाने मिटून ठेवलं.

जाताना तो उंबऱ्यात थबकला. "मावशी, काकांच्या खोकल्यावर औषध करू नका. निदान खटला संपेपर्यंत तरी."

"हे बघा, म्हणजे आता डॉक्टरकीसुद्धा हेच करणार," मावशी पुटपुटल्या. फौजदार मग काकांना बाहेर बोलावून जिन्यापाशी काहीतरी विचारत होता. काकांनी बहुधा "हं" म्हटलं असेल, म्हणून मावशींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मावशी स्वतःला अतिशहाण्या समजत, म्हणून बहुतेक त्या बिनधोक चढल्या. चांगली ठेवणीतली साडी, हातात रुमाल. आत बघतात तर अख्खा रस्ता बाकांवर येऊन बसलेला. लाँड्रीवाला, चष्मेवाला, सूनबाई. साक्ष द्यायला मान खाली होती, मजा बघायला मात्र तीच मान वर! काका बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. साक्षीदारांनी आपली पाळी येईपर्यंत बाहेर बसायचं असतं, असं शिपाई म्हणाला. हे कसले साक्षीदार, मावशींना वाटलं. साहेबांनी सोबतीला बोलावलं असेल.

आरोपीच्या पिंजऱ्यात भाचा उभा होता. नवा कोट, तोच नीट पाडलेला भांग.

सरकारी वकिलाने विचारलं आणि मावशींनी सांगितलं. दुकान उघडलं. भाचा आला. बाहीला नखाएवढं भोक होतं. रफू केला, कोट दिला. बस्स. इतकी रोड गोष्ट त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती. मागच्या बाकांवर चुळबूळ सुरू झाली, कारण रक्त कुठे गेलं, पुटपुटणं कुठे गेलं? भाच्याने हे का केलं असेल असं विचारलं तेव्हा मावशींच्या जिभेवर पाच कारणं तयार होती, त्यातली तीन तर फारच सुरेख. त्यांनी रुमाल मुठीत आवळला आणि म्हणाल्या, "माहीत नाही."

फौजदाराने भिंतीशी उभ्या उभ्या सुटकेचा श्वास टाकला. तो जरा लवकर टाकला.

आरोपीचा वकील उठला. गोड माणूस. नमस्कार करूनच आला. "मावशी, तुमच्यासारखा रफू या शहरात दुसरं कुणी करत नाही म्हणतात. खरं ना?"

"लोक म्हणतात. मी कशाला म्हणू?" मावशींनी पदर सारखा केला.

"नाही, खरंच कमाल आहे. मी तर असं ऐकलं, की गेल्या थंडीत तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसरं कुणी असतं तर दुकान बंद करून झोपलं असतं. पण तुम्ही खिडकीला पडदा ओढून, डोळ्याला पट्टी बांधून, नुसत्या बोटांच्या स्पर्शाने रफू करत होतात! साऱ्या रस्त्याला ठाऊक आहे म्हणे."

साऱ्या रस्त्याने बाकांवरून माना डोलावल्या. ठाऊक होतंच. मावशींनीच सांगितलं होतं. मावशींची सगळ्यात लाडकी गोष्ट होती ती. चष्मेवाल्याने तर ती गिऱ्हाइकांना सांगून सांगून स्वतःची करून टाकली होती.

"म्हणजे गेल्या थंडीत दुकान उघडं होतं. बरोबर?"

"हो तर! एक दिवस बंद नव्हतं," मावशी ठसक्यात म्हणाल्या.

आणि बाहेरून, व्हरांड्याच्या उघड्या दारातून, आवाज आला.

"खं."

मध घेतला नाही वाटतं, मावशींच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी त्यांना वही घेऊन बसलेला फौजदार आठवला, ओळी खोडणारा. औषध करू नका म्हणालेला. त्यांना लाँड्रीवाल्याच्या सुनेची गोष्ट आठवली, तेव्हाही खोकला. सूनबाईला सांगितलेलं पुटपुटणं, तेव्हाही खोकला. बाईंना सांगितलेली एकेक गंमत, आणि मागच्या भिंतीशी दर वेळी नेमक्या ठिकाणी… म्हणजे हे ऐकत होते! जन्मभर मेलं माझं अक्षर न् अक्षर ऐकत होते, आणि मी मध चाटवत बसले!

"धन्यवाद, मावशी," वकील वळला. "म्हणजे न्यायाधीश महाराज, गेल्या थंडीत दुकान उघडं होतं, आणि माझे अशील म्हणतात त्याप्रमाणे—"

"थांबा," मावशी म्हणाल्या. "बंद होतं."

वकील थांबला. बाकंही थांबली.

मावशींनी मागे पाहिलं. सगळे होते. उद्या याच माणसांसमोर दुकान उघडायचं होतं. डोळ्यावरच्या पट्टीची गोष्ट गेली की मग आपल्याकडे उरलं काय, असंही त्यांना वाटून गेलं. पण न्यायाधीशांच्या खुर्चीत चष्मा पुसत बाई बसल्या असाव्यात तसं झालं, यातलं खरं किती म्हणून विचारत.

"पट्टी बांधून रफू करायला मी काय जादूगार आहे? धड पाण्याचा ग्लास सापडत नव्हता हाताला. थाप मारली होती मी. ऑपरेशनच्या आधीपासून ते पार थंडी संपेपर्यंत दुकानाला कुलूप होतं. इस्पितळाचे कागद आहेत घरी."

मागच्या बाकांवर चष्मेवाल्याचं तोंड उघडं पडलं ते बराच वेळ तसंच राहिलं.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता हे तुम्ही स्वतः कबूल करता!" वकिलाने पुन्हा गोड व्हायचा प्रयत्न केला.

"करते की. बख्खळ बोलते. पण गिऱ्हाइकांशी, शपथ घेऊन नाही. आणि ते जाऊ द्या हो, मला एक सांगा." मावशी आता खऱ्या रंगात आल्या. "दुकानाला कुलूप होतं, मी घरी आंधळी बसले होते, तर याला थंडीत रफू करून दिला कुणी? आणि चहा पाजला कुणी? कुलपाने?"

कोर्टात हशा उसळला. न्यायाधीशांनी हातोडी आपटली, पण जरा उशिरा. वकिलाने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने पहिल्यांदाच स्वतःचा भांग विस्कटला. झालं होतं काय, की त्या बिचाऱ्यानेही मावशींची पट्टीची थाप ऐकली होती आणि खरी धरली होती. तिच्यावर आपली थाप रचली होती, वर चहा ओतला होता. साऱ्या शहरात मावशींच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवणारा एकटा तोच निघाला.

तरी वकील हाडाचा वकील. म्हणाला, एका कबूल खोटारड्या बाईच्या शब्दावर माणसाला शिक्षा कशी द्यायची? तेव्हा सरकारी वकिलाने पुढच्या साक्षीदाराला बोलावलं, आणि मफलर गुंडाळलेले काका आत आले. मावशी बाजूच्या बाकावर बसून बघतच राहिल्या.

"त्या सकाळी दुकानात तुम्ही होतात?"

"हं."

"मोठ्याने सांगा."

"होतो. सुया मीच ओवतो. कोट याचाच होता. करडा, निळे ठिपके. बाहीला भोक होतं. दुमडीतून धागे हिने काढले, सुईत मी ओवले."

"तो दिवस तोच, हे कशावरून?"

"दुपारी तो रडायला आला तेव्हा तोच कोट अंगात होता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी बाहीकडे बघत होतो." काकांनी मफलर सारखा केला. "काम चांगलं झालं होतं."

मावशींनी पदर तोंडाला लावला. लग्नापासून आजवर या माणसाने त्यांच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तर कुठे म्हटलं!

"हे तुम्ही आधी पोलिसांना का सांगितलं नाही?" वकिलाने आवाज चढवला.

"साहेबांनी जिन्यापाशी विचारलं तेव्हा सांगितलं. त्याआधी कुणी विचारलंच नाही. आमच्या घरात मला पाळी येत नाही."

"बायकोने शिकवलेलं बोलता आहात!"

"तिने शिकवलेलं मी कधीच ऐकत नाही, असं तीच सगळ्यांना सांगते. विचारा हवं तर." काकांनी बाकांकडे बोट केलं. साऱ्या रस्त्याच्या माना पुन्हा डोलल्या.

वकील हातघाईवर आला. "तुमच्या पत्नी एकच गोष्ट दहा जणांना दहा प्रकारे सांगतात. त्यातलं खरं कुठलं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"मला सांगते ते खरं," काका म्हणाले. "माझ्यावर ती मसाला वाया घालवत नाही."

भाच्याला शिक्षा झाली. एवढ्यावरच झाली असं नाही. इस्पितळाचे कागद लागले, दुमडीतले उपसलेले धागे लागले, आणि कोर्टातला हशा ऐकून की काय, लाँड्रीवाल्याची मान अचानक वर झाली आणि त्यालाही त्या सकाळचं आठवलं. फौजदार दुकानात येऊन म्हणाला, थोडक्यात निभावलं मावशी, एका थापेने बुडत होतो आणि तिनेच तरलो. मग त्याने स्वतःचा फाटका कोट रफूला टाकला. कडा कातरू नका, असं बजावायला विसरला नाही.

त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी सांगत होत्या. "मग मी अशी उभी राहिले. न्यायाधीश महाराज खुर्चीतून अर्धे उठले—"

"खं."

"आणि ह्यांनी जी गर्जना केली म्हणता! वकिलाच्या हातातले कागद खाली पडले!"

"खं, खं, खं."

लोक हसून हसून बेजार झाले, आणि आता हसताना काकांकडेही बघायला लागले. मावशींनी मध दिला नाही.

गर्दी पांगली तेव्हा दुपार कलली होती. खिडकीतून वेताच्या खुर्चीवर ऊन पडलं होतं. इतका वेळ दाटीवाटीत लोक उभे होते, पण त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, आणि बसा असं मावशी म्हणाल्याही नव्हत्या. त्यांनी फौजदाराचा कोट पुढे ओढला, सुई घेतली, पुन्हा ठेवली.

"बाई असत्या तर विचारलं असतं, यातलं खरं किती," त्या म्हणाल्या. मागे शांतता. "दुपार झाली की फार सुनं सुनं वाटतं हो मला. रोज वाटतं, आता जिन्यावर चप्पल वाजेल. सांगायला माणूसच उरलं नाही."

त्या खोकल्याची वाट बघत राहिल्या. यायलाच हवा होता, त्यांना वाटलं. आला असता तर बरं झालं असतं.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काका उठले. ओवलेली सुई त्यांनी सुयांच्या छोट्या उशीला टोचली, गळ्यातला मफलर काढून मेजावर ठेवला, सावकाश खिडकीपाशी आले आणि बाईंच्या खुर्चीत बसले. जरा अवघडूनच बसले, परक्याच्या घरी बसावं तसे.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू? कोर्टातलं? तुम्ही होतात की तिथे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

"मला नेहमी साधंच मिळतं," काका म्हणाले. "आज मसाला घालून सांग."

मावशींनी नाक पुसलं, दिव्याची मान सरळ केली आणि सुरुवात केली. त्या दिवशी न्यायाधीश अर्धे नाही, पूर्ण उठून उभे राहिले, वकील घेरी येऊन पडला, आणि काकांच्या गर्जनेने कोर्टाच्या काचा तडकल्या. काका चष्मा काढून डोळे पुसत ऐकत होते. संध्याकाळ झाली तरी ते एकदाही खोकले नाहीत.